दोन्हींवर ८×४२, मग किमतीत एवढी तफावत का? पहिली दुर्बीण घेणाऱ्यांसाठी

भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर आम्ही होडीत बसलो होतो. डिसेंबरातली सकाळ, सूर्य वर यायला अजून थोडा वेळ होता. माझ्या गळ्यात साडेतीन हजारांची दुर्बीण होती आणि शेजारी बसलेल्या काकांच्या गळ्यात ऑस्ट्रियात बनलेली, लाखांच्या घरातली. दोन्हींवर आकडा एकच, ८×४२. काठच्या चिखलात एक तुतवार चोच खुपसत फिरत होता. मला दिसला तो नुसता करडा, हलणारा आकार. काकांनी काही न बोलता आपली दुर्बीण माझ्या हातात दिली. पाठीवरचे पांढुरके ठिपके दिसले, डोळ्याच्या मागे लांबवर गेलेली फिकट भुवई दिसली, आणि पाय पिवळसर आहेत हेही दिसलं. पाय हिरवट असते आणि भुवई डोळ्यापाशीच संपली असती, तर तो तुतवार वेगळ्या जातीचा ठरला असता.

अर्ध्या तासाने ऊन आलं आणि माझ्याही दुर्बिणीतून पाय पिवळे दिसायला लागले. महागड्या दुर्बिणीबद्दलची पहिली समजूत मला तिथे मिळाली. लख्ख उन्हात स्वस्त आणि महाग दुर्बीण बऱ्याच जवळ येतात. पहाटे, तिन्हीसांजेला, दाट झाडीत, उन्हाच्या विरुद्ध बघताना आणि सलग तीन-चार तास डोळ्याला लावून ठेवताना त्यांच्यातलं अंतर कळतं. पक्षी नेमके याच वेळांना आणि अशाच जागी असतात, म्हणून हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

पायरी १: अंगावरचे आकडे वाचा

८×४२ यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळा भर पहिल्या आकड्यावर असतो. दुसऱ्याला पहिल्याने भागायला मात्र कोणी सांगत नाही.

४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरा, उजेडाकडे रोखा आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात बघा. तिथे प्रकाशाची एक गोल टिकली दिसेल. ती ५.२५ मिमी रुंदीची असते, आणि डोळ्यात जाणारा सगळा प्रकाश तिच्यातूनच जातो. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिमीपर्यंत आक्रसते आणि अंधारात तरुणपणी सातेक मिमीपर्यंत उघडते. वय वाढलं की तेवढी उघडत नाही. त्यामुळे दुपारी ८×२५ ची खिशातली दुर्बीणही चालते, कारण तिची टिकली तीन मिमीची आहे. संध्याकाळी बाहुली पाच मिमी उघडलेली असताना तीच अंधारी वाटते. १०×४२ ची टिकली ४.२ मिमीची, म्हणजे ८×४२ पेक्षा लहान.

जास्त पटीचा मोह आवरा. दुर्बीण पक्ष्याला जितकं जवळ आणते तितकीच हाताची थरथरही मोठी करते. बारापटीच्या पुढे तिपाई लागतेच. माझं मत विचाराल तर नवख्याने डोळे झाकून आठपटीची घ्यावी. तिच्यात एका वेळी दिसणारा भागही जास्त असतो, साधारण हजार मीटर अंतरावर १३० ते १४० मीटर रुंदीचा. सुरुवातीला अडचण येते ती पक्षी लहान दिसण्याची कमी आणि तो दुर्बिणीत सापडत नाही याची जास्त.

पायरी २: पैसे कुठे जातात ते समजून घ्या

दुर्बीण म्हणजे दोन नळ्या आणि चार काचा असं वरून वाटतं. चांगल्या दुर्बिणीच्या एकेका नळीत आठ-दहा भिंगं आणि वर दोन लोलक असतात. पैसे जातात ते या प्रत्येक काचेवर, आणि त्याहून जास्त त्या काचा एका रेषेत बसवण्यावर.

आधी गळतीचा हिशोब बघू. प्रकाश हवेतून काचेत शिरतो किंवा काचेतून बाहेर पडतो तेव्हा दर वेळी साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत आपलं अंधुक प्रतिबिंब दिसतं ते त्यामुळेच. एका नळीत हवेला लागून असलेले असे बारा पृष्ठभाग धरले तर शेवटी उरतो ६१ टक्के प्रकाश. शिवाय गेलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो नळीत इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्रावर विरळ धुक्यासारखा पसरतो. काळा रंग राखाडी दिसतो, बारकावे पुसले जातात.

यावर उपाय निघाला १९३५ मध्ये. जर्मनीत जेना इथल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवून हे परावर्तन कमी करून दाखवलं. आज असे अनेक थर एकावर एक चढवतात आणि दर पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याहून खाली आणतात. मग बारा पृष्ठभागांनंतरही ९४ टक्के प्रकाश हातात राहतो. हे थर निर्वात पेटीत चढवावे लागतात आणि त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशोबात राखावी लागते. खोक्यावर नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एक थर असू शकतो. ‘फुली मल्टि-कोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. या तीन शब्दांसाठी पैसे मोजायला हरकत नाही.

आता लोलक. पुढचं भिंग चित्र उलटं करतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. ते सुलटं करायला लोलक लागतात आणि त्यांचे दोन घाट आहेत. पहिला इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांचा, १८५४ च्या पेटंटचा. त्यात प्रकाश वळणं घेत जातो, म्हणून अशा दुर्बिणीचे खांदे रुंद असतात. जुन्या चित्रांत दिसते ती हीच दुर्बीण. दुसरा रूफ लोलकाचा. यात नळ्या सरळ असतात, दुर्बीण सडपातळ आणि हातात छान बसणारी. आज दुकानात बहुतेक याच दिसतात.

किमतीतला मोठा फरक इथे पडतो. पोरो लोलकात प्रकाश काचेच्या आतूनच पूर्ण परावर्तित होतो, आरसा लागत नाही. रूफ लोलकाला कौलारू घराच्या आढ्यासारखी एक धार असते आणि प्रकाशाची शलाका त्या धारेवर दोन भागांत विभागून पुढे पुन्हा एक होते. धारेच्या दोन उतारांमधला काटकोन काही विकलांइतकाच चुकला तर चालतो. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. कोन त्याहून चुकला की दूरच्या दिव्याभोवती रेघ उमटते किंवा चित्र दुहेरी होतं. कोन अचूक असला तरी विभागलेले दोन भाग पुन्हा भेटताना त्यांच्या लहरी नीट जुळत नाहीत आणि चित्राचा रेखीवपणा जातो. त्यासाठी ‘फेज कोटिंग’ नावाचा वेगळा लेप लागतो. तो दुर्बिणींत झाइसने १९८८ मध्ये आणला. शिवाय सर्रास वापरल्या जाणाऱ्या रूफ लोलकाच्या एका बाजूला आरसा लागतो. तो अॅल्युमिनियमचा असेल तर साधारण दहा टक्के प्रकाश खातो, चांदीचा त्याहून कमी, आणि अनेक थरांचा ‘डायइलेक्ट्रिक’ असेल तर एक टक्क्याच्या आतबाहेर.

म्हणजे सुबक, सडपातळ दुर्बिणीत मुळात जास्त काम आहे. ती चार हजारांत मिळत असेल तर यातलं काहीतरी गाळलेलं असणार. याच हिशोबाने, कमी पैशांत पोरो लोलकाची दुर्बीण तेवढ्याच किमतीच्या रूफ लोलकाच्या दुर्बिणीपेक्षा बहुतेक वेळा चांगलं चित्र देते. मला ही गोष्ट दोन दुर्बिणी घेऊन झाल्यावर समजली, तुम्हाला आधीच समजावी.

तिसरी बाब रंगांची. विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल ढगाळ पांढऱ्या आभाळासमोर बघा. साध्या दुर्बिणीत त्याच्या काळ्या कडेला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-पिवळी किनार दिसते. काच निळ्या आणि तांबड्या प्रकाशाला सारखं वाकवत नाही, म्हणून असं होतं. ही किनार कमी करायला ‘ईडी’ काचेची भिंगं वापरतात. ही काच महाग असते, मऊ असते, घासताना लवकर ओरखडते आणि तापमान एकदम बदललं तर तडकते. एकूणच दुर्बिणीची काच ओतल्यावर अतिशय सावकाश थंड करावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो आणि चित्र बिघडतं. हा वेळसुद्धा किमतीत धरलेला असतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही नळ्यांनी एकाच जागी बघणं. याला कॉलिमेशन म्हणतात. एक नळी किंचित वर आणि दुसरी किंचित खाली बघत असेल तर डोळ्यांना ती दोन चित्रं ओढून एक करावी लागतात. आपले डोळे एकमेकांकडे सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली असे वळायची त्यांना सवय नाही. पहिल्या मिनिटात काहीच जाणवत नाही, कारण मेंदू निमूटपणे सांभाळून घेतो. दहा मिनिटांनी कपाळ दुखायला लागतं. मी पहिली दुर्बीण एका थंड हवेच्या ठिकाणी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतली होती, २०×५० लिहिलेली, माणकासारख्या लाल काचांची. आठवडाभर मला वाटत होतं की आपलेच डोळे कच्चे आहेत. पुढे एका दुर्बीण दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ती एका नजरेत बाजूला ठेवली. दोन्ही नळ्या दोन दिशांना बघत होत्या, आणि लाल लेप तांबडा प्रकाश बाहेर फेकत असल्याने हिरव्या झाडीवर आणखी हिरवट छटा चढत होती.

नामवंत कंपन्यांत ही जुळणी प्रशिक्षित माणसं एकेका दुर्बिणीवर बसून तपासतात आणि न जमलेले भाग मागे पाठवतात. ही जुळणी बिजागरी कितीही उघडली-मिटली तरी टिकावी लागते, दगडावर एकदा आपटली तरी टिकावी लागते. स्वस्त दुर्बिणीत ही तपासणी मोघम असते, आणि तपासायचं काम नकळत तुमच्या डोळ्यांवर येऊन पडतं.

उरलेलं थोडक्यात. चांगल्या दुर्बिणीत सांध्यांना रबरी कडी असतात आणि आत कोरडा नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असतो, म्हणून आत बाष्प धरत नाही. शिवाय आपल्याकडे आयात शुल्क आणि जीएसटी वेगळा.

पायरी ३: आपल्या खिशाला आणि कामाला काय परवडतं ते ठरवा

किंमत दुप्पट झाली म्हणून चित्र दुप्पट चांगलं होत नाही. तीन-चार हजारांवरून दहा-बारा हजारांवर गेलात तर फरक कोणालाही दिसेल. तिथून पंचवीस-तीस हजारांवर गेलात की पाणी आत न शिरणं, फेज कोटिंग, बहुधा ईडी काच आणि चष्म्यावरून बघण्याची सोय पदरात पडते. तीस हजारांहून लाखावर गेल्यावर मिळतं ते कडेपर्यंत रेखीव चित्र आणि ऊन येण्याआधीचा तो पहाटेचा अर्धा तास. लाखाच्या वरच्या दुर्बिणी, म्हणजे ऑस्ट्रियातल्या आब्साम गावच्या स्वारोव्स्की किंवा जर्मनीच्या झाइस आणि लायका यांच्या, खरोखर अप्रतिम असतात. पण तिथला प्रत्येक जादाचा हजार रुपया अगदी थोड्याशा सुधारणेसाठी जातो.

माझा सल्ला असा. बजेट दहा हजारांच्या आत असेल तर नावाजलेल्या कंपनीची ८×४० पोरो घ्या. तिच्यात पाणी शिरू शकतं, तेवढं सांभाळा. वीस-तीस हजार काढू शकत असाल तर पाण्याला दाद न देणारी, फेज कोटिंग असलेली ८×४२ रूफ घ्या. तिच्यावर दहा-पंधरा वर्षं सहज निघतील. याहून महाग पहिल्याच वर्षी घेऊ नका. परदेशातले नातेवाईक आणून देणार असतील तर तिथली वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारून घ्या.

घाई नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहाची वाट बघा. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा महाराष्ट्रभर पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्यांनी भरलेला असतो. एकाच फेरीत पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणी डोळ्याला लावून बघता येतात. मागितल्यावर ‘नाही’ म्हणणारा पक्षीमित्र मला अजून भेटलेला नाही.

पायरी ४: दुकानात या गोष्टी तपासा

खिशात फूटपट्टी घेऊन जा. अंगावर ७० किंवा १०० लिहिलेलं असतं आणि पुढची काच मोजली तर भरते जेमतेम ३५ मिमी. आकड्यातच खोट असेल तर पुढचं काही बघू नका. दहापासून शंभर पटीपर्यंत झूम सांगणाऱ्या दुर्बिणीही तिथेच ठेवा.

मग दुर्बीण हातभर लांब धरून ती टिकली बघा. ती स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारख्या किंवा चौकोनी सावली पडलेली दिसली तर लोलक हलक्या काचेचे आहेत. चांगल्या काचेला खोक्यावर बीएके-४ म्हणतात, हलकीला बीके-७.

पुढच्या काचेवरचं प्रतिबिंब निरखा. दुकानातली ट्यूबलाइट त्यात मंद हिरवट किंवा जांभळट दिसली तर लेप चांगला आहे. पांढरी शुभ्र दिसली तर नाही.

यानंतर दुकानदाराला विनंती करून रस्त्यावर या, कारण काउंटरवरून समोरची भिंत बघून काही कळत नाही. शंभरेक मीटरवरची विजेची आडवी तार किंवा गच्चीचा कठडा धरा. नीट फोकस करा आणि तिकडेच बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. आता दोन वेगवेगळी वर्तुळं दिसतील. दोन्हींतली तार एकाच उंचीवर हवी. एकीत वर आणि एकीत खाली असेल तर ती दुर्बीण परत द्या, मग ती कोणत्याही कंपनीची असो. त्याच मॉडेलची दुसरी काढायला सांगा. स्वस्त मालात एकाच खोक्यातल्या दोन दुर्बिणींत फरक निघतो.

तारेवर कावळा असेल तर जांभळी किनार बघून घ्या. चित्राच्या मध्यावर थोडी चालेल, ठळक नको. फोकसचं चाक एका बोटाने, न अडकता फिरायला हवं. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. चष्म्यावरून पूर्ण वर्तुळ दिसायला ‘आय रिलीफ’, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर, १५ मिमी किंवा जास्त लागतो. फुलपाखरं बघायची असतील तर दोन-तीन मीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो का तेही बघा.

सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नका, क्षणभरसुद्धा नाही. लहान मुलांच्या हातात देताना हे दर वेळी सांगा.

पायरी ५: आपल्या डोळ्यांना जुळवा

हे न केल्याने चांगली दुर्बीणही वाया जाते. बिजागरी उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक करा. चष्मा असेल तर रबरी वाट्या आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. मग उजव्या नळीवर हात ठेवून ती झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्वच्छ करा. आता डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. ती कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

पक्षी शोधताना मान खाली घालून दुर्बीण उचलायची सवय लावू नका. नजर पक्ष्यावर खिळवा आणि ती न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. घराच्या खिडकीतून दयाळ, तांबट, वेडा राघू यांच्यावर आठवडाभर सराव केलात तर हे अंगवळणी पडतं.

पायरी ६: पावसाळ्यातून वाचवा

सदऱ्याच्या टोकाने काच पुसू नका. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते आणि तिने लेपावर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी भिंगाच्या फडक्याला किंचित ओल देऊन हलक्या हाताने पुसा.

आपल्याकडचा खरा शत्रू बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत दुर्बीण ठेवली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि ते लेप खातात. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दुर्बीण पिशवीबाहेर काढून आत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसा ओलावा घेतला असं समजा. ते खडे तापवून सुकवायला एखादा जुना तवा कायमचा वेगळा काढा, कारण त्या रंगात कोबाल्ट असतं आणि स्वयंपाकाच्या भांड्याला ते लागू नये. मंद आचेवर खडे पुन्हा निळे होतात. पूर्ण गार झाल्यावरच ते डब्यात परत टाका.